जुना डीव्हीडी प्लेयर विकताना: आधी तपासणी, मग जाहिरात

प्रश्न असा आहे: घरात डीव्हीडी प्लेयर पडून आहे, दोन-तीन वर्षांत लावलेला नाही, बंद करून ठेवला तेव्हा चालू होता. रिमोट आहे, मूळ खोका आणि माहितीपुस्तिका नाही. ऑनलाइन विकायचा आहे. किती पैसे येतील, विकण्याआधी काय करावं, आणि घेणाऱ्याने "चालत नाही" म्हणून परत पाठवला तर काय?

"ठेवला तेव्हा चालू होता" हे वाक्य जाहिरातीत घातलंत की घेणारा तो प्लेयर बंद आहे असंच धरून भाव करतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही. प्लेयर नुसता पडून राहिला तरी बिघडतो. ट्रे ओढणारा रबरी पट्टा एकाच आकारात ताणून राहतो आणि सैल पडतो. लेन्सवर धुळीचा पातळ थर बसतो. लेन्सचा गाडा ज्या दांड्यांवरून सरकतो त्यांचं ग्रीस घट्ट होतं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे छोटे भाग) जुने होत जातात. म्हणून एक संध्याकाळ काढून प्लेयर नीट तपासा आणि जे दिसेल ते कागदावर लिहून ठेवा. भाव, जाहिरात आणि "परत पाठवला तर" या तिन्ही गोष्टी त्या कागदावर ठरतात.

आधी मागची बाजू वाचा

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. तेव्हापासून इतक्या प्रकारचे प्लेयर निघाले आहेत की नुसतं "डीव्हीडी प्लेयर" म्हटल्याने काहीच कळत नाही. कोणत्या टीव्हीला जोडता येईल हा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर मागच्या सॉकेटांमध्ये असतं.

पिवळा, लाल आणि पांढरा अशी तीन सॉकेटं जवळपास प्रत्येक प्लेयरला असतात. पिवळं चित्रासाठी, उरलेली दोन आवाजासाठी. हिरवा, निळा आणि लाल हा वेगळा संच कंपोनंट व्हिडिओचा. त्याचं चित्र पिवळ्यापेक्षा स्पष्ट असतं. यातल्या लालची आवाजाच्या लालशी गल्लत होते, म्हणून जाहिरातीत दोन्ही संच वेगवेगळे नोंदवा. एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही प्लेयरला हे सॉकेट नसतं. आज ते असणं म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या वाढणं, कारण नव्या टीव्हींना तीन सुटी रंगीत सॉकेटं बहुधा नसतातच. काहींना त्याऐवजी एकच बारीक ३.५ मिलिमीटरचं भोक असतं आणि त्यासाठी टीव्हीबरोबर आलेली छोटी जोडवायर लागते. ती हरवली असेल किंवा ते भोकही नसेल, तर पिवळ्या-लाल-पांढऱ्याचं एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर वापरावा लागतो. एचडीएमआय नसलेला प्लेयर विकताना ही माहिती एका ओळीत आपणहून द्या. निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

एचडीएमआयच्या प्लेयरवर बऱ्याचदा "१०८०" असा आकडा छापलेला असतो. तो पाहून जाहिरातीत "फुल एचडी प्लेयर" लिहू नका. डीव्हीडीवरचं चित्र पॅल (भारत-युरोपची टीव्ही पद्धत) मध्ये ७२० बाय ५७६ आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची) मध्ये ७२० बाय ४८० बिंदूंचं असतं. प्लेयर ते ताणून १०८० ओळींचं करतो, पण मूळ डिस्कवर नसलेला तपशील त्यात येत नाही. हा प्लेयर ब्लू-रे डिस्कही वाचत नाही. "एचडी" शब्द वाचून घेतलेला माणूस ब्लू-रे टाकून पाहतो आणि "खराब आहे" म्हणून परत पाठवतो. "एचडीएमआय आहे, १०८० पर्यंत अपस्केल करतो, ब्लू-रे चालत नाही" एवढं स्पष्ट लिहा.

मागेच पृथ्वीच्या छोट्या गोलावर एक आकडा छापलेला असतो. तो रीजन कोड, म्हणजे जगाच्या कोणत्या भागातल्या डिस्क हा प्लेयर वाचतो ते सांगणारा आकडा. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ मध्ये युरोप आणि जपान. ४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका. ५ मध्ये भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. ६ म्हणजे चीन. जिच्यावर फक्त ५ हाच क्रमांक आहे अशी डिस्क २ क्रमांकाचा प्लेयर नाकारतो. तुमचा प्लेयर सगळे रीजन वाचतो असं वाटत असेल, तर दोन वेगवेगळ्या रीजनच्या डिस्क टाकून पाहा आणि जमलं तरच तसं लिहा. तसा प्लेयर परदेशातून डिस्क जमवणाऱ्यांना हवा असतो आणि त्याला थोडा जास्त भाव मिळतो.

तिथल्याच पट्टीवर विजेचा आकडा असतो. १०० ते २४० व्होल्ट असेल तर प्लेयर कुठेही चालतो. फक्त ११० किंवा १२० असेल आणि तो २३० व्होल्टच्या घरात लावला, तर पॉवर सप्लाय लावल्या क्षणी जळतो. हा आकडा जाहिरातीत हवाच.

काही नग वेगळ्या रांगेत बसतात. व्हीएचएस कॅसेट आणि डीव्हीडी दोन्ही चालवणारा प्लेयर असेल तर तो साध्या प्लेयरच्या भावात देऊन टाकू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली आणि घरोघरी कॅसेटी अजून आहेत. एसएसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ (सीडीपेक्षा बारकाईने आवाज नोंदवलेल्या संगीत डिस्क) वाचणारे प्लेयर संगीतवेडे शोधत असतात; पुढच्या पट्टीवरची चिन्हं बघून घ्या. हार्ड डिस्क असलेला डीव्हीडी रेकॉर्डर हाही वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

तपासणी: कोणत्या डिस्क, किती वेळ

एक चित्रपट पाच मिनिटं लावून "चालतो" म्हणणं पुरेसं नाही. आतल्या लेसरची ताकद कमी झाली की तो सोप्या डिस्क वाचतो आणि अवघड डिस्कवर अडखळतो. एका थराची छापील डीव्हीडी पडलेल्या प्रकाशापैकी ४५ ते ८५ टक्के परत फेकते. दोन थरांची डीव्हीडी आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क १८ ते ३० टक्केच परत फेकतात. थकलेला लेसर पकडायचा तर याच दोन डिस्क हव्यात.

दोन थरांची डिस्क ओळखायची खूण म्हणजे खालची बाजू किंचित सोनेरी दिसते. लांबलचक चित्रपटांच्या मूळ डीव्हीडी बहुधा अशाच असतात, कारण एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात आणि दोन थरांत ८.५. ही डिस्क टाका, ट्रे बंद झाल्यापासून मेनू येईपर्यंत घड्याळ लावा. १० ते २० सेकंद ठीक. ४० च्या पुढे जात असेल आणि आतून पुन्हा पुन्हा शोधल्यासारखा आवाज येत असेल, तर लेन्स मळलेली आहे किंवा लेसर थकलेला आहे. मग चित्रपट पूर्ण चालू द्या, दोन तास. मध्याच्या आसपास चित्र क्षणभर थबकतं. लेसर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जातो, ते नैसर्गिक आहे. तिथेच दर वेळी अडकत असेल किंवा डिस्क थांबत असेल, तर दुसरा थर वाचला जात नाही. दोन तासांचा आग्रह यासाठी की काही दोष प्लेयर तापल्यावरच दिसतात. थंड असताना उत्तम चालणारा नग दीड तासाने चौकोन पाडायला लागतो, आणि ते घेणाऱ्याच्या घरी घडायला नको.

त्यानंतर घरी लिहिलेली डीव्हीडी-आर, आरडब्ल्यू मिळाली तर ती, आणि एक गाण्यांची साधी ऑडिओ सीडी. सीडीची चाचणी टाळू नका. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो आणि सीडीसाठी ७८० चा. बहुतेक प्लेयरमध्ये दोन्हींचे उगम वेगळे असतात, म्हणून एक मेला तरी दुसरा चालतो. डीव्हीडी चालते पण सीडी नाही, किंवा सीडी चालते आणि डीव्हीडीला "नो डिस्क" येतं, असं दिसलं तर घाण असण्याची शक्यता कमी. घाण सहसा दोघींना त्रास देते. त्या नगाचा एक लेसर गेला असं धरून चाला.

ट्रे दहा वेळा उघडा-मिटा. एकदा जरी अडखळला तरी नोंदवा. पुढे-मागे पळवा, शेवटच्या प्रकरणावर उडी मारा, थांबवून पुन्हा सुरू करा. कान देऊन ऐका: डिस्क फिरण्याची मंद घरघर चालते, पण ठरावीक अंतराने "कट् कट्" असा आवाज येत असेल तर लेन्सचा गाडा टोकाला आपटतो आहे.

सॉकेटं एकेक करून तपासा. कंपोनंटची हिरवी वायर चुकून पिवळ्याच्या जागी लावली तर चित्र काळं-पांढरं दिसतं, कारण हिरव्यातून फक्त उजेड-अंधार जातो. तो बिघाड समजू नका. आवाजाच्या ऑप्टिकल सॉकेटचं झाकण उघडून लाल उजेड दिसतो का पाहा. ॲम्प्लिफायर नसेल तर एवढंच पाहता येतं, मग "ऑप्टिकलमधून उजेड येतो, जोडून तपासलेलं नाही" असंच लिहा.

यूएसबी असेल तर ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून लावा, त्यात दोन एमपीथ्री गाणी, दोन फोटो आणि एक व्हिडिओ टाका. या प्लेयरना एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फाइली मांडायच्या दुसऱ्या पद्धती सहसा वाचता येत नाहीत. व्हिडिओच्या बाबतीत ते जुन्या डिव्हएक्स, एक्सव्हिड प्रकारापर्यंतच जातात. आजच्या मोबाइलवर घेतलेले एमपीफोर व्हिडिओ बहुतेक चालत नाहीत, आणि घेणाऱ्याला नेमकी तीच आशा असते. काय चाललं आणि काय नाही ते नावानिशी लिहा.

रिमोट

पुढच्या पट्टीवर चालू, थांबा आणि ट्रे एवढीच बटणं असलेले प्लेयर पुष्कळ. त्यांत सेटिंगचा मेनू रिमोटशिवाय उघडताच येत नाही. म्हणून रिमोट नसलेला प्लेयर चालू असूनही अपुरा असतो.

रिमोट तपासायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा, बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरी लुकलुक दिसली की किरण निघतो आहे. मागच्या कॅमेऱ्याला तो उजेड अडवणारा फिल्टर असू शकतो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरा. प्रत्येक बटण दाबून पाहा, विशेषतः सेटअप, बाण आणि ओके. काही बटणं मेली असतील तर रिमोट उघडून रबराच्या मागचे काळे ठिपके आणि समोरची पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बहुतेक वेळा जिवंत होतात. सेल गळून स्प्रिंगवर पांढरा थर आला असेल आणि सेल अल्कलाइन असतील, तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन थर विरघळवा, मग अल्कोहोलने पुसून वाळवा.

रिमोट हरवलाच असेल तर त्या मॉडेलला चालणारा पर्यायी रिमोट स्वस्तात मिळतो. माझ्या मते तो घेऊन, सगळी बटणं तपासून, "रिमोट मूळ नाही, पर्यायी आहे" असं सांगून विकणं केव्हाही चांगलं.

दोष सापडला तर कुठवर जायचं

लेन्स पुसणं आणि पट्टा बदलणं, इथपर्यंतची मेहनत वसूल होते. त्यापुढची बहुधा नाही.

लेन्स पुसण्यासाठी प्लग काढा आणि निदान अर्धा तास थांबा. झाकणाचे स्क्रू मागे आणि बाजूला असतात. झाकण निघाल्यावर पॉवर सप्लायच्या पाटीला हात लावू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकतो. लेन्स वाटाण्याएवढी, निळसर झाकेची दिसते. ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावा, काडी ओली नको, दमट हवी. दाब न देता दोन-तीन गोल फिरवा. लेन्स बारीक तारांवर तरंगती असते. जोर लावलात तर ती तिरकी होते आणि प्लेयर कायमचा जातो. पाच मिनिटं वाळू द्या, झाकण लावा, मगच वीज द्या. उघड्या प्लेयरला वीज देऊन लेन्सकडे पाहायचं नाही. सीडीचा लेसर डोळ्याला जवळपास दिसत नाही, पण इजा करू शकतो. ब्रश लावलेल्या "लेन्स क्लीनर" डिस्क मिळतात, त्या हलक्या धुळीला चालतात, चिकट थराला नाही.

ट्रे घरघरतो आणि उघडत नाही, किंवा हाताने किंचित ओढल्यावर उघडतो, हे सैल पट्ट्याचं लक्षण. जुना पट्टा काढून चपटा करा, लांबी मोजा आणि तिच्यापेक्षा साधारण ५ टक्के लहान, त्याच जाडीचा नवा घ्या. मोटरची चाकं अल्कोहोलने पुसा, कारण जुन्या रबराचा चिकटा राहिला तर नवा पट्टाही घसरतो. पट्टा गरम पाण्यात टाकून आवळण्याचा उपाय प्रचलित आहे. तो थोडे दिवसच टिकतो, म्हणून विकायच्या प्लेयरवर तो करू नका.

लाल दिवा लुकलुकतो आणि प्लेयर सुरू होत नाही, किंवा दहा-पंधरा वेळा बटण दाबल्यावर सुरू होतो, तेव्हा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पाहावे लागतात. वरचा पत्रा फुगलेला असेल तर तोच दोषी. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा कपॅसिटर घालावा. ऋण बाजूचा पट्टा पाहून. ज्याला येत नाही त्याने हात घालू नये आणि पैसे देऊन करूनही घेऊ नये. साध्या प्लेयरची विक्री ती मजुरी सहसा भरून काढत नाही.

लेसर थकला असेल तर काही जण पिकअपवरचा (लेसर आणि लेन्स असलेल्या भागावरचा) बारीक स्क्रू फिरवून त्याचा प्रवाह वाढवतात. प्लेयर काही काळ चालतो आणि मग लेसर कायमचा मरतो. असं करून "चालू आहे" म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. तो प्लेयर "सुट्या भागांसाठी" म्हणूनच विका.

विकण्याआधी सेटिंग मूळपदावर आणा

"चित्रच येत नाही" या तक्रारीचं एक मोठं कारण बिघाड नसतंच. तुमच्या घरी प्लेयर कंपोनंट किंवा प्रोग्रेसिव्ह स्कॅनवर (चित्राच्या सगळ्या ओळी एकदम पाठवणारी सेटिंग, जी पिवळ्यातून जात नाही) ठेवलेला असतो. घेणारा पिवळी वायर लावतो, आणि त्याला काळा किंवा फाटलेला पडदा दिसतो. मेनूच दिसत नाही म्हटल्यावर त्याला ते बदलताही येत नाही. म्हणून प्लेयर देण्याआधी सेटअपमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा, मग तुमच्या टीव्हीवर पिवळ्यातून आणि एचडीएमआयतून चित्र येतं हे पुन्हा पाहा. टीव्हीचा प्रकार "ऑटो" ठेवता आला तर तसा ठेवा. पॅलवर अडकलेला प्लेयर जुन्या एनटीएससी टीव्हीवर गुंडाळणारं किंवा रंगहीन चित्र देतो. मुलांसाठी लावलेलं वयाचं कुलूप आणि त्याचा पासवर्डही काढा. रिसेटने तो प्रत्येक मॉडेलमध्ये जात नाही.

साध्या प्लेयरमध्ये खासगी काही साठत नाही. हार्ड डिस्कच्या रेकॉर्डरमध्ये साठतं. त्यावरच्या घरगुती चित्रफिती आधी डीव्हीडीवर उतरवून घ्या. हार्ड डिस्क काढून संगणकाला लावली तर बहुधा वाचता येत नाही, कारण फाइलींची मांडणी त्या कंपनीची स्वतःची असते. उतरवलेल्या प्रत्येक डिस्कवर "फायनलाइझ" ही, डिस्क इतर प्लेयरना वाचता येईल अशी करणारी, क्रिया पूर्ण करा. ती न करता रेकॉर्डर विकून टाकलात तर त्या डिस्क दुसऱ्या प्लेयरवर उघडणार नाहीत, आणि लग्नाची चित्रफीत हातात असून बघता येणार नाही. हे विकण्याच्या धांदलीत फार सहज राहून जातं. मग मेनूतून हार्ड डिस्क फॉरमॅट करा. रेकॉर्डरचा टीव्ही ट्यूनर जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणाचा असेल तर तेही लिहा. जिथे प्रक्षेपण डिजिटल झालं आहे तिथे तो वाहिन्या पकडत नाही.

बाहेरून पुसायला दमट कपडा पुरतो. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात. घासणारा पांढरा स्पंजही नको, त्याने बटणांवरची अक्षरं निघून जातात.

फोटो आणि जाहिरातीचा मजकूर

समोरून, मागून, वरून, मॉडेल क्रमांकाची पट्टी, रिमोट दोन्ही बाजूंनी सेलचं झाकण उघडून, आणि टीव्हीवर चालू असलेल्या चित्रासह प्लेयर, एवढे फोटो पुरेत. शेवटचा फोटो सर्वांत मोलाचा. टीव्ही आणि प्लेयरच्या पुढच्या काचेवरचा मिनिट-सेकंदाचा आकडा एकाच चौकटीत आला पाहिजे. ओरखडा असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो द्या. सीरियल नंबरचे शेवटचे अंक जाहिरातीतल्या फोटोत झाका, पण स्वतःजवळ पूर्ण नंबराचा फोटो ठेवा.

मजकूर असा असू शकतो:

"डीव्हीडी प्लेयर, मॉडेल अमुक. १०० ते २४० व्होल्ट. रीजन ५. एचडीएमआय, कंपोनंट, पिवळं-लाल-पांढरं. दोन थरांची डीव्हीडी पूर्ण दोन तास चालवून पाहिली, अडकली नाही. डीव्हीडी-आर, ऑडिओ सीडी चालतात. आरडब्ल्यू डिस्क नव्हती, तपासलेली नाही. यूएसबीवर एमपीथ्री आणि फोटो चालले, मोबाइलचे एमपीफोर चालले नाहीत. ब्लू-रे चालत नाही. मूळ रिमोट, सगळी बटणं चालतात. वरच्या पत्र्यावर एक ओरखडा, फोटो पाहा. खोका आणि पुस्तिका नाही. सोबत पिवळी-लाल-पांढरी वायर. चाचणीचा व्हिडिओ मागितल्यास पाठवेन."

पुस्तिका नसल्याची काळजी करू नका. मॉडेल क्रमांक टाकून ती बहुधा ऑनलाइन मिळते. दुवा घेणाऱ्याला द्या. वायर मात्र सोबत द्याच. प्लेयर घेणाऱ्या अनेकांकडे ती नसते.

भाव

मागितलेल्या किमती पाहून भाव ठरवू नका. त्या महिनोनमहिने तशाच लटकलेल्या असतात. ज्या साइटवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी दिसते तिथे तुमचंच मॉडेल किंवा त्याच्या बरोबरीचं शोधा. तसं काही सापडलं नाही तर नवा साधा प्लेयर आज केवढ्याला मिळतो ते पाहा. पूर्ण तपासलेल्या, रिमोटसह साध्या नगाला त्याच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान मागणं मला रास्त वाटतं. एचडीएमआय असेल तर वरच्या टोकाला, फक्त पिवळं सॉकेट असेल तर खालच्या. वापरलेला ब्लू-रे प्लेयर डीव्हीडीही चालवतो, त्यामुळे त्याच्या भावाच्या वर तुम्ही जाऊ शकत नाही. घासाघीस होणारच, म्हणून शेवटची किंमत आधीच मनाशी पक्की करा आणि थोडी वर मांडा.

साधा प्लेयर दीड-दोन किलोचा असतो, खोका-भरणासह तीनपर्यंत जातो. पाठवणीचा खर्च विक्रीच्या निम्म्याला टेकत असेल तर जवळच्या गिऱ्हाइकालाच विका. चित्रपटांच्या चालू मूळ डिस्क सोबत दिल्या तर साधा नग लवकर जातो. दुर्मीळ डिस्क मात्र वेगळ्या काढा. घरी उतरवलेल्या चित्रपटांच्या प्रती सोबत देऊ नका, तो स्वामित्वहक्काचा भंग आहे.

देणं-घेणं आणि पाठवणी

समोरासमोर व्यवहार असेल तर वीज आणि टीव्ही असलेल्या जागी बोलवा. ट्रे उघडू द्या, दहा मिनिटं डिस्क चालू द्या, स्वतःची डिस्क आणायला सांगा. स्वतः चालवून पाहून नेलेला प्लेयर परत येण्याचं कारण उरत नाही.

ऑनलाइन पैसे घेताना दोन सापळे ओळखा. पैसे मिळण्यासाठी तुमचा पिन किंवा ओटीपी लागत नाही. मागितला तर बोलणं तिथेच थांबवा. दुसरा, "चुकून जास्त पैसे गेले, फरक परत करा" असं म्हणणारा. खात्यात रक्कम खरोखर जमा झाल्याचं स्वतः बँकेच्या ॲपमध्ये पाहिल्याशिवाय, नुसत्या स्क्रीनशॉटवर, काही करू नका.

परत पाठवण्याची भीती असेल तर अट आधीच लिहा: मिळाल्यापासून तीन दिवसांत, वर्णनात चालतं म्हटलेलं काही चालत नसेल तर परत घेईन, सीरियल नंबर जुळला पाहिजे. आपला बिघडलेला प्लेयर परत पाठवून चांगला ठेवून घेणारे असतात, त्यासाठी तो पूर्ण नंबराचा फोटो. बांधण्याआधी चालू प्लेयर, नंबर आणि मग खोक्यात जाणारा तोच प्लेयर असा सलग व्हिडिओ घेतलात तर वाद फार लांबत नाही.

बांधण्याआधी ट्रे उघडून रिकामा असल्याची खात्री करा. आत राहिलेली डिस्क हादऱ्यांनी निसटते आणि लेन्सवर घासते. रिमोटमधले सेल काढा. तीन-पाच डिस्कच्या चेंजर प्लेयरला वाहतुकीचा स्क्रू किंवा खटका असू शकतो, असेल तर तो लावा आणि "चालू करण्याआधी काढा" अशी चिठ्ठी वर चिकटवा. प्लेयर आधी प्लास्टिक पिशवीत, मग बबलच्या दोन-तीन थरांत, मग अशा खोक्यात की सगळीकडून ५ सेंटिमीटर भरण राहील. रिमोट आणि वायर वेगळे गुंडाळून बाजूला, प्लेयरच्या वर नको. सुटा रिमोट प्रवासभर समोरच्या काचेवर आपटत राहतो. खोका हलवून पाहा, आत काही सरकलं तर उघडून पुन्हा भरा.

चिठ्ठीत एक ओळ आणखी घाला: थंडीतून आलेला प्लेयर लगेच लावू नका, दोन तास खोलीत ठेवा. लेन्सवर दव धरतं आणि चांगला प्लेयरही तेवढा वेळ "नो डिस्क" दाखवतो.

चालतच नसेल तर

बंद प्लेयरही फेकू नका. मूळ रिमोट एकटा विकला जातो, कारण रिमोट हरवलेले लोक मॉडेल क्रमांकानेच शोधतात. पॉवर सप्लायची पाटी आणि ट्रेची यंत्रणा दुरुस्तीवाल्यांना हवी असते, म्हणून "बंद, सुट्या भागांसाठी, अमुक लक्षण" असं लिहून संपूर्ण नगच द्या. स्वतः सुटा करत बसू नका. काय लक्षण दिसतं ते लिहिलंत की घेणारा कोणता भाग चांगला आहे ते ओळखतो. कोणीच घेतला नाही तर तो ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, वायर आणि गळलेले सेल वेगळे करून.